घडवलेला लांडगा खेळात वेगळाच दिसतो, किंवा रंग पुन्हा मूळपदावर जातो: काय तपासावं, कुठल्या क्रमाने

संगणकावरच्या वन्यजीव सिम्युलेशन खेळात आपला प्राणी घडवायला बसलं की तास-दीड तास कसा गेला ते कळत नाही. फरचा रंग, पाठीवरची गडद झूल, कानाला चीर हवी की नको, डोळे पिवळे की तपकिरी, शिवाय ताकद, वेग आणि दम यांत गुणांची वाटणी. सगळं मनासारखं जमतं आणि मग कुरणात उभा राहतो तो कुणीतरी भलताच लांडगा. किंवा पहिले दोन दिवस ठीक असतं आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळाने दिलेल्या मूळ रंगात दिसतो.

घरातल्या मुलांची आणि खेळणाऱ्या मित्रमंडळींची ही तक्रार मी इतक्यांदा निस्तरली आहे की माझा तपासण्याचा क्रम आता ठरून गेला आहे. मी लांडग्याचं उदाहरण घेतलंय, पण सिंह, कोल्हा, हरीण काहीही असो, काम तेच. हे दुखणं कुठल्या एका खेळाचंही नाही.

लक्षणं

- घडवण्याच्या पडद्यावर रंग बरोबर, खेळात मात्र फिका, निळसर किंवा जास्तच गडद.
- खेळ बंद करून पुन्हा उघडला की सगळे बदल गेलेले, प्राणी मूळ रूपात.
- बदल आठवडाभर टिकतात, मग एकदम जुनं रूप परत येतं.
- अंगावरचे पट्टे आणि व्रण पुसट, चिखल माखल्यासारखे. जवळ गेलं तरी स्पष्ट होत नाहीत.
- अख्खा प्राणी भडक गुलाबी, किंवा राखाडी चौकटींचा.
- तुम्हाला बरोबर दिसतो, सोबत खेळणाऱ्यांना मात्र साधा लांडगा दिसतो.
- पिल्लांचे रंग अपेक्षेपेक्षा वेगळे.

फोनवर मी पहिला प्रश्न एकच विचारते: "घडवण्याच्या पडद्यावर परत जा. तिथे रंग बरोबर आहे का?" तिथे बरोबर आणि कुरणात चूक असेल तर माहिती शाबूत आहे, फक्त चित्र नीट काढलं जात नाही. तिथेही चूक असेल तर बदल जतनच झालेले नाहीत किंवा कुणीतरी ते पुसले आहेत. हे दोन पूर्ण वेगळे बिघाड आहेत. पहिल्याचा उपाय दुसऱ्यावर करत बसलं तर दिवस वाया जातो, आणि कधीकधी प्राणीही.

हात लावण्याआधी: प्रत काढा

खेळ काढून पुन्हा टाकू नका, प्राणी पुसून नव्याने घडवू नका. आधी सेव्हचं फोल्डर, म्हणजे खेळ आपली प्रगती जिथे जतन करतो ते, शोधा आणि अख्खंच्या अख्खं दुसरीकडे कॉपी करा. खेळ ज्या तयार सॉफ्टवेअरवर बांधतात त्याला इंजिन म्हणतात; युनिटी आणि अनरिअल ही त्यांतली दोन. विंडोजवर युनिटी इंजिनचे खेळ बहुधा ॲपडेटाच्या आत लोकललो नावाच्या फोल्डरमध्ये लिहितात. अनरिअलचे बरेच खेळ ॲपडेटा, मग लोकल, मग खेळाचं नाव, मग सेव्ह्ड, मग सेव्हगेम्स असे जातात. काही खेळ डॉक्युमेंट्समध्ये लिहितात. ॲपडेटा हे लपवलेलं फोल्डर आहे, तेव्हा फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू केल्याशिवाय दिसणार नाही.

यावर मी हटून बसते त्याला कारण आहे. रंग पुन्हा निवडता येतो, पण त्या मादीने वाढवलेल्या तीन विणी, तिचा जोडीदार, तिने राखलेला प्रदेश हे सगळं त्याच फाइलमध्ये असतं. रंगासाठी घाईघाईत नवा लांडगा घडवून जुनी पुसून टाकलेली मुलं मी पाहिली आहेत. नवीन हुबेहूब तशीच दिसते आणि दुसऱ्या दिवशी मूल तिच्याशी खेळत नाही.

आधी पाहा: हा बिघाड आहे तरी का?

याला पैसा लागत नाही, पाच मिनिटं पुरतात, आणि माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्या.

घडवण्याच्या पडद्यावर उजेड एकसारखा, स्टुडिओतल्यासारखा असतो. खेळात सूर्य आहे, ढग आहेत, बर्फावरून परतणारा उजेड आहे. करडा लांडगा उन्हं कलताना तांबूस दिसतो, पहाटेच्या सावलीत निळा. म्हणून तुलना करायची ती भर दुपारी, उघड्या माळावर, निरभ्र आकाशाखाली. तिथे रंग जुळला तर काहीच बिघडलेलं नाही. मॉनिटरवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारी सोय) चालू असेल तर तो एकदा बंद करून पाहा. काही खेळांत त्यानेच सगळे रंग धुतल्यासारखे होतात.

मग ऋतू पाहा. खऱ्या लांडग्याची हिवाळी लोकर वसंताच्या अखेरीस गळायला लागते आणि उन्हाळ्यात तोच प्राणी लांब पायांचा, किडकिडीत वाटतो. जे खेळ ऋतू दाखवतात त्यांतले काही हेही दाखवतात. मानेभोवतीची दाट फर गेली म्हणजे तुमचा स्लायडर हलला असं नाही.

आणि वय. माझ्या भाच्याचा एकदा रात्री साडेदहाला फोन आला, आवाज रडवेला. "मावशी, सावळीचा रंग उडतोय. मी काहीच केलं नाही." सावळी ही त्याची काळी लांडगीण. मी तिचं वय विचारलं. खेळातली सात वर्षं. मी त्याला तिच्या अगदी जवळ कॅमेरा न्यायला सांगितला. मुस्कटावर आणि हनुवटीखाली रुपेरी केस, पाठीवर राखाडी झाक, पाय मात्र अजून काळे. बिघाडात रंग असा उतरत नाही; तो एकतर सगळा जातो किंवा ठरावीक चौकोनी तुकड्यांत जातो. काळे लांडगे वयानुसार पांढुरके होतात, आणि खेळाने तेच केलं होतं. मी त्याला एवढंच सांगितलं की ती म्हातारी होतेय, तिला जप.

पिल्लांच्या रंगाचंही असंच. अमेरिकेतल्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले. आज तिथले जवळजवळ निम्मे लांडगे काळे असतात. हा काळा रंग एका जनुकाच्या प्रबळ रूपातून येतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की ते रूप लांडग्यांत पाळीव कुत्र्यांशी झालेल्या संकरातून आलं. प्रबळ म्हणजे आई किंवा बाप, एकाकडून मिळालं तरी पुरतं. म्हणून दोन काळ्यांच्या पोटी करडं पिल्लू येऊ शकतं, पण दोन करड्यांच्या पोटी काळं येत नाही. आनुवंशिकता मनापासून बसवलेल्या खेळात दोन करडे जोडून काळ्या पिल्लाची वाट पाहत असाल तर ते येणारच नाही, फाइल कितीही तपासा.

मग: बदल पक्का झाला होता का?

रंग बदलून 'बॅक' दाबणं आणि 'सेव्ह' किंवा 'अप्लाय' दाबणं यांत फरक असतो, आणि बऱ्याच खेळांत बाहेर पडताना विचारतही नाहीत. प्राणी जतन करायच्या दोन-तीन जागा (स्लॉट) असतील तर तुम्ही बदललेली जागा आणि आता उघडलेली जागा एकच आहे ना, हेही पाहा. काही खेळांत रूप केव्हाही बदलता येतं, पण ताकद-वेगाचे गुण फक्त जन्माच्या वेळी ठरतात. तिथे गुण 'परत' जात नाहीत, ते बदललेलेच नसतात.

नावाकडेही लक्ष द्या. हे सुचायला मला फार वेळ लागला होता. काही खेळ प्राण्याच्या नावानेच फाइल बनवतात. विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, तारांकन, विसर्गचिन्हासारखा कोलन, तिरप्या रेघा, उभी रेघ, कोनी कंस आणि दुहेरी अवतरणचिन्ह चालत नाही. एका मुलीने लांडग्याचं नाव 'कोण?' ठेवलं होतं. प्रश्नचिन्हासकट. खेळाने कुरकुर न करता तो दाखवला, दिवसभर चालवला, आणि जतन करताना गुपचूप हरला. प्रश्नचिन्ह काढल्यावर पुन्हा कधी अडलं नाही. देवनागरी नावं बहुतेक नव्या खेळांत चालतात, पण शंका असेल तर तात्पुरतं साध्या रोमन अक्षरांतलं नाव देऊन पाहा. परत बदलायला अर्धं मिनिट लागतं.

सोबत्यांना वेगळं दिसत असेल तर तुमच्या संगणकावर वेळ घालवू नका. तुमची फर एखाद्या मॉडमधून (खेळाडूंनी बनवलेल्या फेरबदलातून) किंवा विकत घेतलेल्या जोडणीतून (डीएलसी) आली असेल, तर ती त्यांच्याकडेही असावी लागते. त्यांच्याकडे ते चित्रच नसेल तर त्यांचा खेळ दाखवणार काय? तो साधा लांडगा दाखवतो. सगळ्यांच्या खेळाची आवृत्ती एकच आहे ना, तेही विचारा.

जतनाचा बिघाड: घड्याळाची चाचणी

आता खरी तपासणी. सेव्हच्या फोल्डरमधल्या फाइलची 'डेट मॉडिफाइड' वेळ कागदावर लिहा. खेळ उघडा, एकच ठळक बदल करा (मी कान पूर्ण पांढरे करते), जतन करा, मेन्यूतूनच बाहेर पडा. आता वेळ पुन्हा पाहा.

वेळ बदललीच नाही, तर खेळाला तिथे लिहिता येत नाही. वेळ बदलली, पुन्हा उघडल्यावर कान पांढरे नाहीत, तर लिहिलेल्या फाइलवर दुसरं कुणीतरी जुनी फाइल टाकतंय. पुढचा अर्धा शोध या एका निरीक्षणाने वाचतो, म्हणून ते टाळू नका.

लिहिता येत नसेल तर आधी फाइलवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली'ची खूण आहे का ते बघा. जुन्या प्रतीवरून फाइल परत आणली की कधीकधी ती खूण सोबत येते. मग डिस्कवर जागा शिल्लक आहे ना ते पाहा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का तपासा. ते चालू असलं की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांत लिहू देत नाही, आणि खेळ त्याच्या लेखी अनोळखी असू शकतो. 'प्रोटेक्शन हिस्टरी'मध्ये अडवल्याची नोंद सापडते. संरक्षण बंद करू नका. तिथेच त्या एका खेळाला परवानगी द्या.

वेळ बदलते पण रूप परत जातं, तेव्हा माझा पहिला संशय क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर सेव्हची प्रत ठेवणाऱ्या सोयीवर. भाच्याच्याच घरी हे घडलं. दिवाणखान्यातला संगणक आणि त्याचा लॅपटॉप, दोन्हींवर एकच खातं. लॅपटॉपवर खेळ उघडा ठेवून त्याने झाकण मिटलं होतं. चार दिवस तो मोठ्या संगणकावर खेळला. पाचव्या दिवशी लॅपटॉप उघडला, खेळ बंद केला, आणि लॅपटॉपने चार दिवसांपूर्वीची सावळी क्लाउडवर चढवली. मोठ्या संगणकाने ती इमानेइतबारे उतरवून घेतली.

स्टीमवर (खेळ विकत घेऊन चालवायच्या प्रोग्रामवर) दोन्हीकडच्या फाइली जुळल्या नाहीत तर ते विचारतं, कुठली ठेवायची, आणि दोन्हींच्या तारखा दाखवतं. तिथे घाईने दाबू नका. तारीख आणि वेळ वाचा. कुठली बरोबर याची खात्री नसेल तर खिडकी बंद करा, आधी फोल्डरची प्रत काढा, मग निवडा. चाचणीसाठी त्या खेळाच्या 'प्रॉपर्टीज'मधून क्लाउड तात्पुरतं बंद करा, कान पांढरे करा, दोनदा बंद-उघड करा. बदल टिकला तर चोर सापडला. ज्या संगणकावर खरा प्राणी आहे त्यावरून क्लाउड पुन्हा चालू करा आणि बाकीच्या ठिकाणी खेळ नीट बंद करायची सवय लावा.

खेळ डॉक्युमेंट्समध्ये लिहीत असेल आणि वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) त्या फोल्डरची प्रत ठेवत असेल, तर दोन क्लाउड एकाच फाइलशी झटतात. अशा वेळी खेळ चालू असताना वनड्राइव्ह थांबवून पाहा.

दिसण्याचा बिघाड

पट्टे पुसट असतील तर बहुतेकदा ग्राफिक्स कार्डाची मेमरी पुरत नाही. 4096 गुणिले 4096 ठिपक्यांचं (पिक्सेल) एक चित्र न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, ठेवलं तर 64 एमबी खातं. दाबून ठेवलं तरी साधारण 16. एका प्राण्याला रंग, फरचा उंचसखलपणा, व्रण अशी कितीतरी चित्रं लागतात, आणि कळपात आठ जण असतात. मेमरी संपली की खेळ लहान चित्रं वापरतो, त्यात पहिले बारीक तपशील जातात. 'टेक्श्चर क्वालिटी' एक पायरी खाली आणा. 4096 चं 2048 झालं की मेमरी चौथाईवर येते, आणि पट्टे उलट स्पष्ट दिसू शकतात, कारण आता सगळी चित्रं मावतात. मागे उघडा असलेला ब्राउझरही बंद करा.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि खेळ कधीकधी कमजोर चिपवर चालतो. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्या खेळाला 'हाय परफॉर्मन्स' द्या.

प्राणी भडक गुलाबी झाला तर घाबरू नका. युनिटीत शेडर (पृष्ठभाग कसा रंगवायचा ते कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्राम) सापडला नाही किंवा चालला नाही की तो रंग दिसतो. अनरिअलमध्ये तशा वेळी राखाडी चौकटी येतात. तुमचा रंग पुसला गेलेला नाही, तो रंगवणारा भाग गायब आहे. आधी सगळे मॉड काढा, कारण खेळ अद्ययावत झाला आणि मॉड जुनाच राहिला की नेमकं हेच होतं. मग स्टीममधून खेळाच्या फाइलींची तपासणी, म्हणजे 'व्हेरिफाय इंटिग्रिटी'. ती खराब झालेल्या फाइलीच पुन्हा उतरवते, म्हणून खेळ काढून पुन्हा टाकण्यापेक्षा ती कधीही बरी. नंतर डिस्क क्लीनअपमधून 'डायरेक्टएक्स शेडर कॅश' साफ करा. पहिल्यांदा उघडताना खेळ जरा अडखळेल, ते साहजिक आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर मी शेवटी हाताळते आणि तो फक्त कार्ड बनवणाऱ्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच घेते. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रामांना संगणकात येऊ देऊ नका.

इथे थांबा

सेव्ह फाइलचा आकार 0 केबी दिसत असेल, किंवा खेळ ती उघडताना बंद पडत असेल, तर टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आकडे बदलू नका. एक स्वल्पविराम चुकला तरी अख्खा कळप जाऊ शकतो. खेळ बनवणाऱ्यांना कळवा.

गुलाबी ठिपके, तुटके त्रिकोण, चमकणाऱ्या रेघा दुसऱ्या खेळांतही, अगदी डेस्कटॉपवरही दिसत असतील, किंवा निळा पडदा येऊन संगणक बंद होत असेल, तर प्रश्न लांडग्याचा राहिलेला नाही. कार्ड, त्याची मेमरी किंवा तापमान, यांपैकी काहीतरी आहे. संगणक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल, फाइली उघडायला मिनिटं लागत असतील किंवा विंडोज डिस्कबद्दल इशारा देत असेल, तर तात्काळ संगणक बंद करा. 'चेक डिस्क' चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते जास्त नुकसान करतं. चुकून पुसलेली सेव्ह एसएसडीवर (फिरणारे भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवर) असेल आणि क्लाउडमध्ये प्रत नसेल तर ती मिळण्याची आशा फार कमी, कारण ट्रिम नावाची सोय मोकळ्या जागेतली माहिती लवकरच खरोखर साफ करते. तरी प्रयत्न करायचाच असेल तर त्या डिस्कवर आणखी काहीही न लिहिता ती माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.

खेळ बनवणाऱ्यांना लिहिताना "रंग गेला" एवढंच लिहू नका. सेव्ह फोल्डरची प्रत जोडा. युनिटीचा खेळ असेल तर लोकललोमधल्या खेळाच्या फोल्डरात 'प्लेअर लॉग' आणि त्याच्या आधीच्या खेपेचा 'प्लेअर-प्रीव्ह लॉग' अशा दोन फाइली असतात (लॉग म्हणजे खेळाने स्वतः लिहिलेली घडामोडींची नोंद), त्या दोन्ही द्या. खेळ तुम्ही पुन्हा उघडला असेल तर बिघाडाची नोंद दुसऱ्यात असते; दोनदा उघडला तर ती पुसली जाते, म्हणून लॉगची प्रत लगेच काढा. घडवण्याच्या पडद्याचं एक चित्र, भर दुपारी कुरणातलं एक चित्र, खेळाची आवृत्ती, आणि कान पांढरे करण्यापासून ते परत काळे दिसेपर्यंत काय काय दाबलं ते ओळीने लिहा. उत्तर येईपर्यंत त्या प्राण्याला हात लावू नका. खेळायचंच असेल तर दुसऱ्या जागेत नवा लांडगा घ्या.